मुलीसाठी सुरक्षित जागा

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण. छापताना किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)

चूल आवरून, जनावरांची वैरण उरकून रेडिओजवळ बसला असाल, तर आज जरा लांबचा प्रवास करूया. थेट अमेरिकेत.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथल्या एका ताईंनी तक्रार केली की, "बाई, आमची पोरगी फुटबॉल खेळते म्हणते, आणि खेळते काय, तर नुसती जाळ्यापुढं उभी राहते. त्याला काय खेळणं म्हणायचं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग घरी येऊन ठरवलं की, जाळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या एका बाईचीच गोष्ट सांगायची. तिचं नाव ब्रियाना स्करी. अमेरिकेत आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव त्यांनी दुसऱ्याच खेळाला देऊन टाकलंय. आपण आपलं फुटबॉलच म्हणू.

ब्रियानाचा जन्म ७ सप्टेंबर १९७१चा. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचं राज्य आहे, हिवाळ्यात तळी गोठून जातात असं थंडीचं. तिथल्या मिनीआपोलिस शहरात ती जन्मली आणि जवळच्या डेटन नावाच्या छोट्या गावात वाढली. नऊ भावंडांतलं हे शेंडेफळ. कुटुंब कृष्णवर्णीय, आणि आजूबाजूची वस्ती जवळपास सगळी गोऱ्यांची. पुढे ज्या ज्या संघात ती खेळली, तिथे बहुतेक वेळा तिच्या रंगाची ती एकटीच असायची.

आठ वर्षांची असताना, १९८० साली, तिने टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिकमधला बर्फावरच्या हॉकीचा सामना पाहिला. अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी तेव्हाच्या बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवलं. ते बघून या पोरीने मनाशी ठरवलं की, आपणही ऑलिंपिकला जायचं. कोणत्या खेळातून जायचं ते मात्र ठरलेलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीचे बेत असेच असतात.

बारा वर्षांची झाली तेव्हा फुटबॉल खेळायला गेली. मुलींचा संघच नव्हता, म्हणून मुलांच्या संघात गेली. आता प्रशिक्षकापुढे प्रश्न पडला की, या मुलीला कुठे उभी करायची? धक्काबुक्कीत लागलं, पडलं, तर काय करायचं? त्यांनी तिला गोलात उभं केलं. मुलीसाठी तीच सगळ्यांत सुरक्षित जागा, असा त्यांचा हिशोब.

हा हिशोब लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आधी ही जागा म्हणजे काय ते सांगते. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. आपल्या मोठ्या गोठ्याची एक अख्खी बाजू उघडी असावी, तेवढा. त्यापुढे एक बाई उभी. बाकीच्या दहाजणींनी चेंडूला हात लावला की गुन्हा. हिला मात्र आखलेल्या चौकटीत हात लावायची मुभा. कपड्यांचा रंगही वेगळा, म्हणजे पंचांना ओळखू यावी. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एखादवेळी तिच्याकडे तीनचारदाच चेंडू येतो. बाकी वेळ ती बघते, ओरडून पुढच्यांना जागा सांगते, आणि वाट बघते. पुढे खेळणारीने पाच संधी घालवल्या आणि सहावीला गोल केला, तर ती नायिका. गोलरक्षिकेने पाच अडवले आणि सहावा सुटला, तर त्या सहाव्याचीच चर्चा. घरात वीस भाकरी चांगल्या झाल्या आणि एक करपली की कोणत्या भाकरीचा विषय निघतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तर ब्रियाना गोलात उभी राहिली आणि मधली थोडी वर्षं सोडली, तर तिथलीच झाली. बास्केटबॉलही उत्तम खेळायची. तिच्या शाळेच्या मुलींच्या संघाने १९८९ साली राज्याचं फुटबॉल विजेतेपद मिळवलं, तेव्हा गोलात तीच होती. आणि मग तिला कॉलेजातून बोलावणं आलं.

इथे जरा थांबून एक कायदा सांगावा लागेल, कारण तो नसता तर ही गोष्टच नसती.

अमेरिकेत २३ जून १९७२ रोजी एक कायदा झाला. त्याला 'टायटल नाइन' म्हणतात, म्हणजे शिक्षणाच्या एका मोठ्या कायद्यातलं नववं कलम. त्याचं मुख्य वाक्य इंग्रजीत फक्त ३७ शब्दांचं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ बाई आहे किंवा पुरुष आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही, असा त्याचा अर्थ. गंमत म्हणजे त्या वाक्यात 'खेळ' हा शब्दच नाही. ज्यांनी तो आणला त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः प्रवेश आणि नोकऱ्या होत्या, मुलींना डॉक्टरकीला, वकिलीला जागा नाकारल्या जात होत्या, ते होतं. पण शाळा-कॉलेजातला खेळ हा शिक्षणाचाच भाग, मग तिथेही डावलता येणार नाही, असा अर्थ निघाला. कायदा झाला तेव्हा ब्रियाना नऊ महिन्यांची रांगती पोर होती. त्या सुमारास सगळ्या अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांत ३ लाखांपेक्षा कमी मुली होत्या. आज ३० लाखांहून जास्त आहेत.

कायदा झाला म्हणजे उद्या सकाळी मैदान मिळालं, असं मात्र नव्हतं. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं असं सरकार कधीपासून सांगतंय, म्हणून आपसूक लागतं का? तलाठ्याकडे खेटे घालावेच लागतात. तिथेही पालकांनी, मुलींनी, शिक्षकांनी कॉलेजांच्या मागे लागून, प्रसंगी कोर्टात जाऊन संघ उभे करायला लावले. कॉलेजांच्या मुलींची देशपातळीवरची मोठी फुटबॉल स्पर्धा एन.सी.ए.ए. ही संस्था भरवते, ती १९८२ साली सुरू झाली. म्हणजे ब्रियाना मुलांच्या संघात पहिल्यांदा गेली, त्याच्या एखादं वर्ष आधी.

तिकडची कॉलेजच्या खेळाची पद्धत आपल्यापेक्षा फार वेगळी आहे. आपल्याकडे खेळ म्हणजे गॅदरिंगच्या आगेमागे आठ दिवस. तिथे मोठ्या विद्यापीठांना पगारी प्रशिक्षक, स्वतःचं मैदान, दवाखान्याची माणसं असतात, आणि चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते. फी, राहणं, जेवण यांतलं काही किंवा सगळं विद्यापीठ उचलतं. बदल्यात विद्यार्थिनीने खेळायचं आणि अभ्यासातही पास व्हायचं. साधारण चार मोसम खेळायला मिळतात. नऊ मुलांच्या घरातल्या शेवटच्या मुलीला याचा अर्थ काय असेल, तो तुम्हीच लावा.

ब्रियाना घरापासून दीड हजार किलोमीटरहून लांब, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲमहर्स्ट गावच्या विद्यापीठात गेली. तिथले प्रशिक्षक जिम रूडी हे गोलरक्षक घडवण्यात तरबेज. विषय घेतला राज्यशास्त्र. पुढे वकील व्हायचा विचारही तिच्या डोक्यात होता.

तिच्या कॉलेजच्या कारकिर्दीचे आकडे सांगते, पण आधी ते वाचायचे कसे ते बघू. गोलरक्षिकेचं प्रगतिपुस्तक दोन गोष्टींवर असतं. एक, किती सामन्यांत तिने एकही गोल होऊ दिला नाही. दोन, सरासरी एका सामन्यात किती गोल झाले. ही दुसरी गोष्ट जितकी कमी तितकी चांगली, हे आपल्या डोक्यात उलटं बसतं, कारण आपल्याला जास्त गुण म्हणजे चांगले हेच माहीत. तर ब्रियानाने कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने ६५. त्यांतल्या ३७ सामन्यांत समोरच्यांना एकही गोल करता आला नाही. सरासरी ०.५६. म्हणजे दोन सामने झाले की जेमतेम एक गोल.

तिचं शेवटचं वर्ष, १९९३. संघाने १७ सामने जिंकले, ३ हरले, ३ बरोबरीत सुटले, आणि संघ देशातल्या शेवटच्या चारांत गेला. तिथे गाठ पडली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशी. त्या काळात मुलींच्या फुटबॉलमध्ये यांच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. ॲमहर्स्टच्या मुलीही हरल्या. पण नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. हरलेल्या बाजूची गोलरक्षिका त्यांच्या डोळ्यांत भरली. राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं आणि मार्च १९९४मध्ये पोर्तुगालविरुद्ध ती देशासाठी पहिला सामना खेळली. वकिली राहिली ती राहिलीच.

पुढची चौदा वर्षं मी भराभर सांगते, नाहीतर वेळ संपायचा. देशासाठी १७०च्या वर सामने. १९९५च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक. त्याच स्पर्धेत डेन्मार्कविरुद्ध एक फजिती झाली. चेंडू फेकताना ब्रियाना आखलेल्या चौकटीबाहेर गेली, म्हणजे हात लावायची मुभा संपली, आणि पंचांनी तिला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. बदली खेळाडू घ्यायची सोय उरली नव्हती. मग मिया हॅम, जी गोल करण्यासाठी जगभर गाजली, तिने गोलरक्षिकेचा सदरा चढवून उरलेली मिनिटं कशीबशी काढली. सामना जिंकला म्हणून आज हसता येतं.

१९९६च्या ऑलिंपिकआधीचं एक प्रकरण मात्र भराभर सांगून चालणार नाही. ते तुमच्या माझ्या कामाचं आहे. मुलींचा फुटबॉल पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येत होता. त्यांच्या महासंघाने ठरवलं की, मुलींना बक्षिसाची रक्कम फक्त सुवर्णपदक मिळालं तरच द्यायची. मुलांना मात्र कोणतंही पदक आणलं तरी मिळणार. डिसेंबर १९९५मध्ये नऊ मुलींनी त्या करारावर सही करायला नकार दिला. महासंघाने त्यांना सराव शिबिरात येऊ दिलं नाही. त्या नऊजणींत ब्रियाना होती. विचार करा, संघात येऊन दीडदोन वर्षं झालेली, ऑलिंपिक सहासात महिन्यांवर, लहानपणचं स्वप्न हाताशी आलेलं, आणि ही सही करत नाही. शेवटी महासंघ थोडा नमला, रौप्यपदकालाही बक्षीस ठरलं. मुली परत आल्या आणि त्यांनी सुवर्णच आणलं. अंतिम सामन्यात चीनला २-१ने हरवलं, ७५ हजारांहून जास्त लोकांसमोर. पुरुषांइतकंच मानधन द्यायचं असा करार व्हायला मात्र २०२२ उजाडलं. म्हणजे भांडण सव्वीस वर्षं चाललं. आपल्याकडे शेतमजुरीत बाईची हजेरी आणि पुरुषाची हजेरी अजून वेगळी आहे, त्या भांडणाला कितवं वर्ष ते कुणी मोजत नाही.

आता १० जुलै १९९९. विश्वचषकाचा अंतिम सामना, पुन्हा अमेरिका आणि चीन. कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथल्या रोझ बोल मैदानावर ९०,१८५ माणसं बसलेली. बायकांच्या अधिकृत सामन्याला तोवर एवढी गर्दी कधी जमली नव्हती. रणरणतं ऊन. नव्वद मिनिटांत गोल नाही. आणखी तीस मिनिटं वाढवली, तरी नाही. त्या जादा वेळात चीनच्या एका खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू ब्रियानाला चकवून आत जात होता, पण क्रिस्टीन लिली नावाची सहकारी गोलरेषेवर उभी होती. तिने तो डोक्यानेच बाहेर काढला.

मग पेनल्टी. ३६ फुटांवर चेंडू ठेवतात. एकीने मारायचा, एकीने अडवायचा, मध्ये कुणी नाही. जोरात मारलेला चेंडू जाळ्यात पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. चेंडू कुठे जातो ते बघून मग उडी मारू म्हटलं तर उशीरच होणार. म्हणून मारणारीचे खांदे, कंबर, टेकवलेला पाय, चालण्याची ढब यांवरून आधीच अंदाज बांधायचा. दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोघींनी गोल केले. चीनची तिसरी खेळाडू लिऊ यिंग चालत आली. ब्रियाना एरवी मारायला येणारीकडे बघत नसे, आपल्याच नादात उभी राही. या वेळी तिने मान वर करून बघितलं. ती मुलगी थकलेली, खांदे पडलेले. ब्रियानाला वाटलं, हीच. ती डावीकडे झेपावली आणि दोन्ही हातांनी चेंडू बाहेर ढकलला.

आता खरं तेही सांगते. नियमाप्रमाणे चेंडू मारेपर्यंत गोलरक्षिकेने रेषेवरच राहायचं असतं, आडवं सरकलं तर चालतं. ब्रियाना दोन पावलं पुढे आली होती. पंचांनी ते धरलं नाही. यावरून नंतर पुष्कळ वाद झाला. तिने ते कधी लपवलं नाही. पुढे येणं चूक होतं, असं माझं मत. पण कबड्डीत पंच बघत नसताना रेषेबाहेरचा पाय मी स्वतः आत ओढून घेतलेला आहे, तेव्हा जास्त बोलत नाही.

उरलेल्या सगळ्यांनी गोल केले. शेवटचा ब्रँडी चॅस्टेनने मारला आणि अमेरिका ५-४ने जिंकली. ब्रँडीने आनंदाने जर्सी काढून फिरवली, गुडघ्यांवर बसली, आणि तोच फोटो जगभर छापला गेला. आज त्या विश्वचषकाचं नाव काढलं की तोच फोटो पुढे येतो. अडवलेल्या चेंडूचा फोटो फारच थोड्यांना आठवतो. पण तो अडवला नसता, तर शेवटच्या गोलला काय किंमत होती?

विजयानंतरचं वर्ष वाईट गेलं. सत्कार, प्रवास, वजन वाढलं, नडगीची हाडं दुखायला लागली, आणि २०००च्या ऑलिंपिकला ती राखीव म्हणून बाकावर बसली. पुन्हा घाम गाळून आपली जागा मिळवायला तिला दोन वर्षं लागली. २००४ साली ऑलिंपिकच्या दोन महिने आधी तिचे वडील वारले. ती तशीच गेली, खेळली, आणि ब्राझीलला हरवून दुसरं सुवर्णपदक घेऊन आली. २००७च्या विश्वचषकात तिच्याबाबतीत एक विचित्र गोष्ट झाली. स्पर्धेत दुसरी, तरुण गोलरक्षिका चांगली खेळत असताना उपांत्य सामन्याला अचानक प्रशिक्षकांनी तिला बसवून ब्रियानाला उतरवलं. अमेरिका ब्राझीलकडून ४-० अशी हरली. बसवलेलीने जाहीरपणे सुनावलं, संघात भांडणं झाली. निर्णय प्रशिक्षकाचा, बोल दोन बायकांमध्ये. हे दृश्य कुठल्या गावात दिसत नाही?

आता त्या सुरक्षित जागेकडे येऊ.

२५ एप्रिल २०१०. ब्रियाना ३८ वर्षांची. वॉशिंग्टनच्या एका व्यावसायिक संघाकडून सामना खेळत होती. समोरून खाली येणारा चेंडू घ्यायला ती वाकली. बाजूने धावत आलेल्या खेळाडूचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. चेंडू तिने सोडला नाही. उठली, खेळत राहिली. पण खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे तिला धूसर दिसायला लागले. मध्यंतराला बाहेर येताना ती एका अंगाला कलत चालत होती. संघाच्या वैद्यकीय मदतनिसाने विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, नाही. तो तिचा शेवटचा सामना.

डोक्यात काय झालं असेल? आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो पाण्यासारख्या द्रवात असतो. बरणीतलं लोणचं बरणी आपटली की काच न फुटताही आत हिंदकळतं, तसा जोराचा मार बसला की मेंदू आतल्या आत हिंदकळतो. त्याच्या बारीक तंतूंना ताण बसतो, काम विस्कळीत होतं. बाहेर टेंगूळ नसेल, रक्त नसेल, बेशुद्धी तर बहुतेक वेळा येतच नाही. सी.टी. स्कॅन काढलं तरी पुष्कळदा काही दिसत नाही. म्हणून माणसं म्हणतात, काही झालेलं नाही. बहुतेक जण काही दिवसांत, आठवड्यांत बरे होतात. काही जण होत नाहीत. ब्रियाना झाली नाही. रोज डोकं ठणकायचं. उजेड सहन व्हायचा नाही, तोल जायचा, वाचलेलं लक्षात राहायचं नाही, झोप लागायची नाही. मन खचलं. एकदा ती धबधब्याच्या कठड्यापर्यंत जाऊन आईच्या आठवणीने मागे फिरली. हे तिने स्वतः सगळ्यांना सांगितलंय, म्हणून मी सांगते आहे. कुणाच्या मनात असं येत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मी तीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. एका सामन्यात आमच्या एका मुलीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं. मी तिला पाणी मारलं, कपाळ चोळलं, "काही नाही झालं, उठ" म्हटलं आणि परत आत पाठवलं. सामना आम्ही जिंकला. मुलगी पुढे दोन महिने डोकं दुखतं म्हणायची आणि वर्गात बसल्या बसल्या पेंगायची. घरचे म्हणाले, अभ्यास टाळते. खरं सांगते, मीही तसंच म्हणाले. आता ती बाजारात भेटते. दोन मुलांची आई आहे. भर उन्हात अजून डोळ्यांवर पदर ओढून चालते. मी त्याचं कारण तिला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

म्हणून हे नीट ऐका. मुलगी कबड्डीत पडू दे, झोपाळ्यावरून पडू दे, विहिरीच्या पायरीवरून घसरू दे, नाहीतर घरात कुणाचा हात उठू दे. डोक्याला मार बसल्यावर ती गोंधळली, तेच तेच विचारायला लागली, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं असं काही झालं, तर त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरला दाखवायचं. एकदोन दिवस शरीराला आणि डोक्यालाही विश्रांती द्यायची, मोबाइलही कमी, मग हळूहळू कामाला लावायचं. पूर्ण बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर तो फार महागात पडतो. आणि पुन्हा पुन्हा उलटी, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी दिसणं, हातापायातलं बळ जाणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हाक मारून जाग न येणं, यातलं काहीही दिसलं की १०८ला फोन करून थेट मोठा दवाखाना. अंगारा, लिंबू नंतर. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या फुटबॉलमध्ये अशी इजा मुलांपेक्षा मुलींना जास्त होते, असं नोंदींमध्ये दिसलंय.

ब्रियानाकडे परत जाऊ. खेळ गेला, काम होईना. विमा कंपनीशी उपचारांच्या पैशांवरून भांडण सुरू झालं. दुखणं दिसतच नाही, तर पैसे कशाचे? आणि मग तिने तेच केलं जे आपल्यातल्या कितीतरी जणींनी केलंय. तिने सोनं गहाण टाकलं. तिची दोन्ही ऑलिंपिक पदकं. १८ हजार डॉलर मिळाले, आजच्या भावाने पंधरा लाखांच्या घरात. तुम्हाला सोन्यातलं कळतं म्हणून सांगते, ऑलिंपिकचं सुवर्णपदक मुळात चांदीचं असतं, वर थोड्या सोन्याचा मुलामा. तेव्हा वजनाला ते पैसे मिळालेच नव्हते. मंगळसूत्र गहाण टाकून घरी आलेल्या बाईला रिकाम्या गळ्याला हात गेला की काय वाटतं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

याच दिवसांत तिची क्रिसा झिझोस या बाईंशी ओळख झाली. त्यांचा जनसंपर्काचा स्वतःचा व्यवसाय. त्यांनी विमा कंपनीला नेटाने तोंड दिलं. ऑक्टोबर २०१३मध्ये वॉशिंग्टनमध्ये ब्रियानाच्या डोक्याच्या मागच्या बाजूच्या, दबल्या गेलेल्या नसेवर शस्त्रक्रिया झाली. डोकेदुखीचं एक मोठं कारण ती नस होती. साडेतीन वर्षांनी ठणका ओसरला. पुढे या दोघींनी लग्न केलं. तिथे तसं लग्न कायद्याने होतं. गहाण पडलेली पदकं सोडवून आणली.

मार्च २०१४मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या एका समितीपुढे बसून ब्रियानाने डोक्याच्या इजेबद्दल सगळं सांगितलं. २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल गौरवदालनासाठी तिची निवड झाली. बायकांमधली पहिली गोलरक्षिका, आणि पहिली कृष्णवर्णीय बाई. २०२२ साली तिने आपलं आत्मचरित्र लिहिलं. आणि वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं एक मोठं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०१६ साली उघडलेलं. तिथे खेळाच्या दालनात त्या ३७ शब्दांच्या कायद्याबद्दल जे मांडलंय, त्यात ब्रियाना आहे.

ज्या ताईंनी त्या दिवशी विचारलं होतं, त्यांच्या मुलीला माझा निरोप द्या. ती कोणत्या गटाची, कोणत्या गावची ते मी सांगत नाही, पोरगी लाजेल. पुढच्या महिन्यात मी त्या बाजूला येणार आहे. तिचा सामना असेल तर आधी कळवा, मी जाळ्यामागेच उभी राहीन.